झाकणाच्या आतलं नाव

काल दुपारी शेजारच्या नारळावर वीज पडली आणि आमचा टीव्ही गेला. मी स्वतः टीव्ही दुरुस्त करतो, तरी चहाचा पेला ठेवताना माझी बायको वेनिंग म्हणालीच, "मास तार्जो असते तर एव्हाना लागला असता."

तार्जो तिचा पहिला नवरा, सगळ्या क्लातेन गावात नावाजलेला टीव्ही-कारागीर. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. मला ती 'पाक' म्हणते, जसं कुठल्याही गृहस्थाला म्हणतात. लाडाचं 'मास' अजून त्याचंच.

"मग बोलाव त्यालाच," मी म्हणालो.

"बोलावलं तर येतीलही."

मी टीव्हीमागे बसून झाकण उघडलं. फ्यूज उडाला होता, पॉवर बोर्डचा कोळसा झाला होता.

आम्हा कारागिरांत काम झालं की झाकणाच्या आत नाव आणि तारीख लिहितात. जुन्या टीव्हींतलं तार्जोचं नाव मी कितीदा खरवडून तिथे माझं लिहिलंय. हा टीव्ही मात्र मीच कोरा आणला होता, खोकाही मीच फोडला होता.

आत त्याच तिरक्या अक्षरात 'तार्जो' लिहिलं होतं. तारीख आजची होती.

मी अंगठ्याने पुसलं. शाई ओली होती.

जळका बोर्ड माझ्या हातात, प्लग जमिनीवर, आणि समोर बसलेल्या वेनिंगच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडला. टीव्हीत कुणीतरी गाऊ लागलं.

ती उठली. माझा चहा उचलून तिने माझ्या खांद्यावरून मागे धरला.

"घ्या, मास."

तिने हात सोडला. पेला खाली पडला नाही.