दंड

अपमान विसरणं म्हणजे पूर्वजांशी बेइमानी, असं अंबरपेठच्या नरहरचं ठाम मत होतं. तरी दुपारच्या चहापर्यंत तो बहुतेक अपमान विसरायचा. हा मात्र विसरला नाही.

राज्याचे दोन तुकडे झाले त्या वर्षी ऑफिसच्या तीन शाखांची एक झाली, आणि नरहरच्या भाषांतराच्या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये तीन डिक्शनऱ्या एकामागे एक लावायच्या ठरल्या. शब्द पहिलीत सापडला की पुढच्या बघायच्याच नाहीत.

"तेलुगू आगे, फिर उर्दू," शेषगिरी साहेब हसले. "तुम्हारी मराठी सबके पीछू डालो नरहरराव, उसकू कौन पूछता!"

नव्या डायरेक्टरांच्या स्वागताची कार्यक्रमपत्रिका साहेबांनी तेलुगूत लिहिली: 'डायरेक्टर – दंड'. तेलुगूत दंड म्हणजे फुलांचा हार. प्रोग्राम त्याचं इंग्रजी करून पडद्यावर दाखवणार होता. नरहरने गुपचूप मराठी पहिली लावली आणि भर सभेत साहेबांची शोभा बघायला पुढच्या रांगेत जाऊन बसला.

पडद्यावर झळकलं: 'डायरेक्टर – फाइन'.



"येस, व्हेरी फाइन, थँक यू," डायरेक्टर म्हणाले आणि त्यांनी शेषगिरी साहेबांच्या हातून हार घालून घेतला.