पंपवाले जावई

बिल्डिंगचा पाण्याचा पंप बंद पडला, तसे सगळे शेजारी सरळ माझ्या दारात आले. येणारच. क्षेपणास्त्राला लक्ष्यापर्यंत नेणारी यंत्रणा मी बनवतो, हे घरीसुद्धा सांगायला मनाई आहे. म्हणून लग्न ठरल्यापासून मी 'पंपांच्या कंपनीत इंजिनियर' आहे.

नाही म्हणायची सोयच नव्हती. मी पान्हा घेतला, चेहरा गंभीर केला आणि दिसला तो नट पिळला. पाण्याचा फवारा उसळला तो थेट पहिल्या मजल्यावरच्या सेक्रेटरींच्या खिडकीत.

"नेम मात्र अचूक हं," मागून कुणीतरी म्हणालं.

आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी मला जिन्याखाली ओढलं आणि टॉवेल दिला. "जावईबापू, एखादा पंप कधीतरी उघडून बघायचा होता हो."

"आमच्याकडचे पंप वेगळे असतात."

"असतात ना. समुद्रात पडतात. भलतीकडे पडल्याची बातमी टीव्हीवर आली, की तुमचं जेवण बंद. नेमका पडला, की न्हाणीघरात गाणी."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्ही कुणाला बोललात?"

"मी कशाला बोलू? इतकी वर्षं हे गुपित जिवापाड जपलंय. आज तुमचाच पान्हा ते फोडायला निघालाय. प्लंबरला फोन केलाय मी. तो आला की त्याच्या मागे उभे राहा आणि नुसत्या चुका काढा, म्हणजे लोकांना परत इंजिनियर वाटाल."