बूट काढायचं बटण

कुणी क्षणभर हातात दिलेलं तान्हं पोर धरावं, तसा डॉक्टरीणबाईंनी कंट्रोलर धरला होता. खालच्या मजल्यावर त्यांचा दातांचा दवाखाना. उभ्या आयुष्यात गेम खेळलेला नाही, म्हणूनच तर त्यांना वर बोलावलं होतं. कंपनीचा नियमच होता तसा: नवा गेम बाजारात न्यायच्या आधी अगदी परक्या माणसाच्या हातात द्यायचा आणि आपण मागे उभं राहून बघायचं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

पडद्यावर एका कारखान्यात सैनिकांची पळापळ चालली होती.

"काय हो, सगळे एकसारखेच दिसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेच हेल्मेट, तीच बंदूक, तोच धूर. माझ्याकडे येणाऱ्यांचे जबडे तरी वेगवेगळे असतात."

मागे साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. आधीच्या पाहुण्यांनीही हेच ऐकवलं होतं. पैसे लावणारे उद्या येणार होते आणि "यात वेगळं काय?" असं त्यांनी विचारलं तर साहेबांकडे उत्तर नव्हतं.

साहेबांशेजारी नकाशावाला उभा होता. गेममधले रस्ते, भिंती, जिने सगळे त्याच्या हातचे. पण त्याचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच कारणाने. बाई लढाई सोडून कारखान्याच्या मागे फिरायला निघाल्या होत्या. तिथे एक दार होतं. आज सकाळी ते बंद करायचं होतं आणि हा शहाणा नेमका विसरला होता.

दारामागे मापाची खोली होती. सैनिकाच्या उंचीला दार केवढं हवं, फळी किती वर हवी, हे ताडून बघायला गेमवाले अशी एक खोली उभी करतात आणि काम झालं की मोडून टाकतात. याने टेप घेऊन स्वतःच्याच घराची मापं घेतली होती. दुसऱ्या कुणाच्या घरी कुठे जाणार? मग त्याची बायको त्याला सोडून गेली. खोली मोडायचं राहिलं बाजूला, हा त्या खोलीतच रंग भरत बसला. ओट्यावर तिचा कान तुटलेला कप. खिडकीला पिवळा पडदा. दाराशी तिच्या निळ्या चपला, एक सरळ, एक तिरकी, ती काढायची तशाच. खऱ्या घरात यातलं आता काहीच नव्हतं. दुपारी सगळे खाली जेवायला गेले की हा डबा उघडून या खोलीत येऊन बसायचा. वेडेपणाच की! पण दुसरीकडे त्याला घास गिळत नसे.

जाऊ नका, जाऊ नका, तो मनातल्या मनात म्हणत होता. बाईंनी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"अगंबाई, घर आहे हे!" त्यांनी खाली पाहिलं. "अहो, बूट काढायचं बटण कुठलं?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"हसताय काय? चपला दिसतायत दाराशी. हे चिखलाचे बूट घेऊन आत कशी जाऊ? आणि कुणाच्या आहेत हो या?"

साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

इतक्यात शेजारच्या खोलीत बसून शत्रूच्या बाजूने खेळणाऱ्या पोपटाचा सैनिक पाठलाग करत त्या दाराशी पोचला. पोपट म्हणजे ऑफिसातला सगळ्यात बडबड्या माणूस, त्याचा खेळही तसाच. त्याने धडाधड गोळ्या झाडल्या. कप जागचा हलला नाही. पिवळ्या पडद्याला भोक पडलं नाही. या खोलीतलं काही फुटावं अशी सोयच कुणी केली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी कंट्रोलर टेबलावर आपटला. "सांगा हो त्या मेल्याला! घरात कसल्या गोळ्या घालतोस म्हणावं!"

त्यांचा आवाज खरंच कापत होता. साहेबांना हवं ते मिळालं.

"हेच!" बाई जिना उतरून गेल्याबरोबर ते ओरडले. "कारखाना गेला खड्ड्यात. घरं दाखवायची, लोकांची घरं! दाराशी चपला आणि आत लढाई. आणि सगळं फुटलं पाहिजे, कपसुद्धा. संध्याकाळपर्यंत ही खोली तयार कर." त्यांनी नकाशावाल्याच्या पाठीवर थाप मारली. "छुपा रुस्तम निघालास लेका!"

नाही म्हणावं असं त्याला फार वाटलं. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं.

तो खुर्चीत बसला आणि एकेक वस्तू फुटेल अशी करत गेला. खिडकीची काच. फळी. मग कप. बरोबर झालंय का बघायला गोळी झाडावी लागते, ती त्याने झाडली. कपाचे तुकडे ओट्यावर पसरले. पडद्याच्या चिंध्या झाल्या.

चपला तेवढ्या राहिल्या. त्याने एक काढून टाकली. मग दुसरी.

साहेब चहाचा कप हातात घेऊन मागे येऊन उभे राहिले. "अरे, चपला कुठायत? त्यांच्यामुळेच तर बाई थांबल्या!"

"घालून गेली ती," तो म्हणाला.

साहेबांनी मोकळ्या उंबऱ्याकडे पाहिलं, मग आतल्या तुकड्यांकडे. त्यांचे डोळे चमकले.

"वा! हे तर त्याहून भारी. तसंच ठेव."