तेलातलं पाणी

मुखरू मिस्त्रीने इंजिनखालचा बोल्ट सैल केला आणि डब्यात काळ्या तेलाऐवजी ताकासारखं पांढरट काहीतरी पडू लागलं.

"पुन्हा पाणी, सायेब."

गुणवंतराव चिडले. पंचावन्न सालच्या त्या थंडीत देवीची लस टोचायला सरकारने त्यांना ही मोटारसायकल दिली होती. कुरखेड्याहून रोज अठरा मैल जंगलातल्या गावी जायचं, तितकंच परत यायचं. महिन्याभरात दुसऱ्यांदा तेल नासलं होतं.

"हे त्या डोमाचंच काम," ते म्हणाले. "तिथला कोतवाल. मी घरोघर टोचत फिरतो, तेव्हा गाडी त्याच्याच भरवशावर असते. त्या लोकांले सुई नको. गाडी बंद पडली म्हणजे सुटले!"

मुखरूला ते पटलं. डोमाला त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण लसवाला दिसताच रानात पळणाऱ्यांच्या गोष्टी त्याने खूप ऐकल्या होत्या.

तेलात पाणी येण्याचं आणखी एक कारण तो फौजेच्या वर्कशॉपात शिकला होता. थंडीत गाडी मैलभर चालवून बंद केली, असं रोज केलं, की इंजिन नीट तापतच नाही. आतल्या वाफेचं पाणी होतं आणि तेलात उतरतं. पण रोज छत्तीस मैल पळणारं इंजिन चांगलं भाजून निघतं. मुखरूने तो विचार सोडून दिला.

त्याने तेलाची टाकी आणि नळ्या धुतल्या. नव्या तेलाचा थेंब तापल्या तव्यावर टाकला, तडतडला नाही. तेल कोरडं होतं. ते भरून त्याने झाकणावर लाख ओतली आणि ओल्या लाखेत अंगठा दाबला.

"आता हात लावला का कळनच. मंग ठाण्यातच नेऊ त्याले."

दहा दिवसांनी गुणवंतराव गाडी ठेवून घरी जेवायला गेले. मुखरूने झाकण निरखलं. लाख शाबूत, ठसा जसाच्या तसा. लाख फोडून त्याने आत काडी बुडवली. काडी पांढरी निघाली.

मुखरू चक्रावला. लाखेला धक्का न लावता पाणी ओततो कसा हा माणूस?

तेवढ्यात कोणीतरी सांगत आलं, डोमा कोतवाल बाजारात लसवाल्या साहेबांचा पत्ता विचारत हिंडतोय. मुखरू धावतच गेला आणि त्याला मनगटाला धरून घेऊन आला. गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेला, उन्हाने रापलेला माणूस.

"सांग, या गाडीत पाणी कसा टाकतं तू?"

डोमा गाडीभोवती फिरला. चाकाला बोट लावून पाहिलं.

"ही सायबाची गाडी? आजच पाह्यली, भाऊ. सायेब कुठी हाये? दिवाळीपासून वाट पाहून राह्यलो आमी. एकडाव बी नाई आला. गावात देवी निघाली, सात लेकरं गेली."