पलंग एकच

"ओटा मोठा घ्या, शेगडी चार बर्नरची. आमची मित्रमंडळी असतात, हिचं काही अडायला नको," नवरा फर्मावत होता. कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, बांधून देणारा कारखानदार एकेक सोय फॉर्मवर लिहून घेत होता.

तीस वर्षं प्रत्येक सहलीत मंडळी लाटांत डुंबायची आणि त्याची बायको कुमुदिनी समुद्राकडे पाठ करून स्टोव्हवर पोळ्या भाजायची.

गाडी तिच्या फंडातून येत होती, म्हणून सहीसाठी फॉर्म तिच्यापुढे आला. तिने आधी ओट्यावर फुली मारली, मग शेगडीवर. "तिथे मोठी खिडकी बसवा. आणि पलंग एकच, माझ्या एकटीपुरता."

नवरा उडालाच. "अगं, आणि माझं जेवण?"

"घरी ओटा आहे की," ती सही करत म्हणाली. "तिथे समुद्राकडे पाठसुद्धा करावी लागत नाही."