सृष्टीचा राहिलेला कागद

बिराप्पा काखेत कोकरू घेऊन वर्गाच्या दारातच थांबला.

"बाई, मी काय शिकवनार? मला सही बी धड येत न्हाई."

"मेंढीचं वय कसं ओळखता?" प्रियदर्शनी बाईंनी विचारलं.

"दात बगून. त्यात काय?"

"तेच शिकवा."

मलकापूरजवळच्या त्या लहानशा शाळेत दर शनिवारी चौथीच्या वर्गावर एक पालक यायचा आणि आपल्याला येतं ते शिकवायचा. कल्पना बाईंची. बिराप्पाचा जयराज एरवी शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसे. त्या दिवशी तो आपणहून उठला, बापाशेजारी उभा राहिला आणि एकेकाचा हात धरून कोकराच्या लोकरीवरून फिरवत राहिला. कोकरू झोपलं. वर्ग कुजबुजत बोलू लागला.

पुढच्या शनिवारी राजनंदिनीची आजी, हरणाबाई, ठिगळं जोडून शिवलेली वाकळ घेऊन आली. मुलांनी तिच्यात त्रिकोण शोधले, चौकोन शोधले, आणि शोधता शोधता दोघं वाकळेवरच झोपून गेली.

"निजू द्या, बाई," हरणाबाई हळूच म्हणाली. "लय ऊब हाय तिच्यात."

खिडकीबाहेर उसाला तुरे आले होते. ऊन त्यांच्यावर पांढरं होऊन तरंगायचं, आणि कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड वास वर्गात येऊन बसायचा. खिडकीशी बसलेली सृष्टी त्या तुऱ्यांकडे बघत राही. तिच्या घरचं कुणी शनिवारी पालक म्हणून आलं नव्हतं. का, ते तिला कुणी विचारलंही नाही.

बाकी एकही घर बाईंनी सोडलं नाही. संध्याकाळी घरी भाकरी थापता थापता त्या एकेकाला फोन करत. कुणी कामाचं निमित्त सांगितलं तर थेट शेताच्या बांधावर जाऊन उभ्या राहत. "लेकरासाठी अर्धा तास काढा," एवढंच म्हणत. लोक काढू लागले. जयराज आता पाढे मोठ्यानं म्हणायचा.

फेब्रुवारीत पालकांची सभा झाली. प्रत्येक मुलाचा एकेक कागद पालकांशी बोलून भरायचा होता. चार वाजता सगळे गेले. सृष्टी तेवढी बाकावर डोकं टेकून बसली होती. उन्हाचा एक पट्टा तिच्या केसांवरून हळूहळू सरकत होता.

बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"तुझा एवढा कागद राहिलाय. तूच सांग, मी लिहिते. घरी अभ्यास कोण घेतं?"

"बाबा. पण ते सीमेवर असतात. फोन लागला तर पाढे म्हणून घेतात."

"आणि आई?"

सृष्टीनं डोकं उचललं नाही.

"आई दमून येते. मी तिला गोष्ट वाचून दाखवते. ती भाकरी थापताना 'हं, हं' म्हणते."

"मग ऐकते की."

"एकदा मी वाचता वाचता मधेच थांबले. तरी ती 'हं' म्हणाली."

बाईंचं पेन थांबलं. बाहेर वारा आला आणि सगळं शिवार एकदम एका बाजूला झुकलं.

"मग तू काय केलंस?"

"उरलेली गोष्ट मनातल्या मनात वाचली. आता रोज तशीच वाचते."

कागद बाईंनी कोराच ठेवला.

"हे तिला सांगायचं नाही का?" त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

सृष्टीनं डोकं उचलून त्यांच्याकडे पाहिलं.

"आत्ता सांगितलं की, आई."