कॅप्टनचा नारळ

चंद्रावरच्या थिएटरात पृथ्वीवरची जुनी टीव्ही मालिका यंत्राने नवी करून लावली होती. त्या मालिकेत कॅप्टनचं काम केलेल्या शालनताई कर्णिक खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. उड्डाणाआधी यानासमोर नारळ फोडायचा हट्ट त्यांचाच होता. तेव्हा समीक्षक खूप हसले होते. यंत्राने तो प्रसंग चूक समजून काढून तर टाकला नसेल?

पडद्यावर नारळ फुटला आणि सगळं थिएटर उभं राहिलं.

"काय झालं गं?" त्यांनी शेजारच्या वैमानिक मुलीला विचारलं.

"पृथ्वीवरून आलात वाटतं, आजी? इथे नारळाशिवाय यान सुटत नाही. ही मालिका बघूनच सुरू झालं ते."

बोलता बोलता ती त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागली. मग तिने खिशातून पुडी काढली.

"सकाळच्या उड्डाणाचं खोबरं आहे. घ्या, कॅप्टन."